सांधा कुठे ठेवलाय?

विमानाच्या प्लास्टिक किटचं खोकं उघडलं की बहुतेकांची नजर आधी कॉकपिटवर जाते. डायलचं पॅनेल, सीट, पट्टे. पण किट चांगलं की वाईट हे तिथे कळत नाही. कॉकपिट आजकाल सगळेच बरे देतात, आणि कॅनपी म्हणजे वरचं पारदर्शक झाकण बसवल्यावर त्यातलं निम्मं दिसतही नाही. त्यापेक्षा धडाची दोन अर्धुकं आणि पंखांचे तुकडे स्प्रूवरून, म्हणजे भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावरून, न तोडता एकमेकांजवळ धरा आणि बघा, सांधा कुठे ठेवलाय. पुढचे दिवस रंगकामात जाणार की वॉटर पेपर घासण्यात, ते तिथे ठरतं.

खरं विमानही तुकड्यातुकड्यांचंच असतं. अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटने जोडलेले, जागोजागी झाकणं, पंख मुळाशी बोल्टने कसलेले. म्हणजे त्याच्या अंगावर रेषा असतातच. किटचा आराखडा करणारा हुशार असेल तर तो आपला सांधा अशा एखाद्या रेषेवर नेऊन ठेवतो. मग तो भरायचा नसतोच, उलट दिसायलाच हवा असतो. कंटाळा केला असेल तर तोच सांधा गुळगुळीत फुगवट्याच्या मधोमध येतो आणि बाकीचं काम तुमच्या पुट्टीच्या गळ्यात पडतं.

पहिल्या प्रकारातलं माझं लाडकं किट म्हणजे तामिया या जपानी कंपनीची १/४८ मापाची, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढी, पी-५१डी मस्टँग. साचा १९९५ सालचा. भाग नीट बसणं म्हणजे काय, हे नवशिक्याला दाखवायचं तर आजही याच खोक्याकडे बोट दाखवावं. पंखाचा खालचा भाग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड आहे. त्यामुळे पंख किती वर उचललेले हवेत तो कोन मोजावाच लागत नाही, आपोआप येतो. धड वरून बसवलं की मुळाशी फट उरत नाही. पातळ सिमेंटचा, म्हणजे प्लास्टिक विरघळवून जोडणाऱ्या द्रवाचा, ब्रश एकदा फिरवला की झालं.

पण हेही किट निर्दोष नाही. चाकं जिथे आत जातात त्या खोबणीची मागची भिंत झाकणाच्या कडेप्रमाणे वळवली आहे. खऱ्या विमानात ती जागा मागे थेट पंखाच्या मुख्य तुळईपर्यंत जाते. दुसरी गोष्ट जास्त मजेची आहे. मस्टँगचा पंख लॅमिनार पद्धतीचा, त्यावरून हवा न विस्कटता गेली पाहिजे. म्हणून कारखान्यातच पंखाच्या पुढच्या भागातल्या रेषा आणि रिव्हेट पुट्टीने भरून, घासून, वर रंग दिलेला असे. किटवाल्यांनी मात्र त्या सुबक कोरल्या आहेत. म्हणजे ज्या किटला सांध्यात पुट्टी लागत नाही, त्याच्या पंखावरच्या चांगल्या कोरलेल्या रेषा खरेपणासाठी तुम्हालाच बुजवायच्या. बरेच जण तसंच सोडून देतात, आणि त्यात काही बिघडत नाही.

किट त्रास का देतं हे समजायला साचा समजावा लागतो. पोलादी साच्याची दोन दारं मिटतात, आत वितळलेलं पॉलिस्टायरीन जोराने भरलं जातं, ते थंड होतं, दारं उघडतात आणि आतल्या खिळ्या तुकडा बाहेर ढकलतात. जवळजवळ सगळ्या तक्रारींचं मूळ या एका वाक्यात आहे. खिळ्यांनी ढकललं तिथे गोल वळ उठतात. प्लास्टिक जाड असेल तिथे ते सावकाश थंड होऊन आत ओढलं जातं, म्हणून आतल्या पिनच्या बरोबर मागे बाहेरून खळगा पडतो. साचा झिजला की दारांच्या फटीतून प्लास्टिकचा पापुद्रा बाहेर येतो, त्याला सगळे फ्लॅश म्हणतात. दारं सरळ रेषेत उघडतात, त्यामुळे धडाच्या पाठीवर आणि पोटावर लांबीच्या दिशेने जाणारी रेष कोरताच येत नाही. कोरली तर तुकडा साच्यात अडकेल. आडव्या रेषाही कडेकडे जाताना उथळ होत विरतात. सांधा घासून काढल्यावर पाठ बोडकी दिसते ती यामुळे. त्या रेषा आपणच पुन्हा कोरायच्या असतात.

जुन्या किटच्या रेषा उठावदार असतात, त्याचंही कारण साच्यातच आहे. पोलादात चर कोरणं सोपं, आणि साच्यातला चर म्हणजे प्लास्टिकवरची उठलेली रेघ. एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीचं पहिलं विमान, १/७२ ची स्पिटफायर, १९५३ साली आलं. तेव्हापासून पुढची कितीतरी वर्षं ही पद्धत चालली. खोलगट रेषा रूढ झाल्या तेव्हा काहींचा हात जरा जास्तच खोल गेला. मॅचबॉक्स या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीच्या १९७० च्या दशकातल्या विमानांवरच्या रेषा इतक्या रुंद की इंग्रज मॉडेलवाले आजही त्या अनामिक कारागिराला ‘खंदक खोदणारा’ म्हणतात. हिशेब करून बघा. खऱ्या विमानावर दोन पत्र्यांतली फट दोन-तीन मिलिमीटर. ३ मिलिमीटर भागिले ७२ म्हणजे ०.०४ मिलिमीटर, डोळ्याला दिसणारही नाही. किटवरची रेष ०.२ मिलिमीटर धरली तर खऱ्या मापात ती जवळजवळ साडेचौदा मिलिमीटरची फट झाली. पायलटचं बोट आत गेलं असतं. तरीही मॅचबॉक्सबद्दल मला माया आहे. दोन-तीन रंगांच्या प्लास्टिकमध्ये येणारं ते किट न रंगवताही शाळकरी मुलाला विमान देऊन जायचं, आणि त्याचा बेतही तोच होता.

आकाराची चूक ही वेगळीच गोष्ट. चेक कंपनी एदुआर्दने २०१४ साली १/४८ ची मेसरश्मिट बीएफ-१०९जी-६ काढली. रेषा नाजूक, तपशील भरपूर. पण विमान मापापेक्षा मोठं निघालं. लोकांनी मोजपट्ट्या लावल्या, बोंबाबोंब झाली, आणि कंपनीने २०१६ मध्ये नवा साचा करून तेच विमान पुन्हा काढलं. साच्याचा खर्च बघता हे धाडसच. मला स्वतःला मापाची चूक सांध्याच्या चुकीइतकी छळत नाही. एक-दोन टक्क्यांची गफलत कपाटाच्या काचेमागे कुणाला दिसते? पंखाच्या मुळाशी राहिलेली भेग मात्र आंधळ्यालाही दिसेल.

आता मिग-२१. भारतीय मॉडेलवाल्याला हे विमान टाळता येत नाही, आणि महाराष्ट्रातल्याला तर नाहीच, कारण हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा नाशिकजवळचा ओझरचा कारखाना याच विमानासाठी १९६४ मध्ये उभा राहिला. १९६३ ला हवाई दलात आलेलं हे विमान सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झालं. साहजिकच ते घरी कपाटात हवं असं अनेकांना वाटू लागलंय. विकत घेण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या. ‘मिग-२१’ एवढंच नाव वाचून खोकं उचलाल तर नव्वद टक्के फसाल.

आपल्याकडे मुख्यतः एफएल म्हणजे टाइप ७७, एम म्हणजे टाइप ९६, आणि बिस म्हणजे टाइप ७५ ही विमानं होती. बाजारात सगळ्यात जास्त मिळतात एमएफ (एमच्या जवळचा प्रकार) आणि बिस. एफएल हवं असेल तर खुणा अशा बघा. कॅनपी पुढच्या काचेसकट एकाच तुकड्याची आणि पुढे उलगडणारी, तर पुढच्या प्रकारांत पुढची काच स्थिर आणि मागचा भाग उजवीकडे उघडतो. पाठीचा कणा बारीक, बिसला तो चांगलाच फुगीर. उभी शेपटी रुंद. पोटात तोफ नाही, लागली तर बाहेरून जीपी-९ चा पॉड टांगायचा. नाकावरची पिटो नळी (हवेचा वेग मोजणारी) वरच्या बाजूला, बरोबर मध्यावर. एम आणि बिसला तीच नळी उजवीकडे सरकलेली. म्हणजे एफएल हे मिग-२१ च्याच पीएफ या प्रकाराचं अंग आणि पीएफएम या प्रकाराची रुंद शेपटी असं मिश्रण आहे. एमएफच्या किटवर भारतीय चक्र चिकटवलं की टाइप ७७ होत नाही, खोक्यावर काहीही छापलेलं असो.

पंखांचा पसारा ७.१५ मीटर. १/७२ मध्ये तो दहा सेंटिमीटरलाही जरासा कमी भरतो, १/४८ मध्ये पंधरा. लहान फ्लॅटमध्ये मावतं, म्हणून १/४८ च घ्या असं मी सांगेन. त्या मापात एदुआर्दचं २०११ पासूनचं किट सगळ्यात सरस आहे, आणि डोकं उठवणारंही. पृष्ठभाग बघत राहावा असा, रिव्हेटची ओळन् ओळ. त्रास आहे तो पोटात. चाकांच्या खोबणी एका तुकड्यात नाहीत. सुट्या भिंती जोडून त्या तयार करायच्या, आणि धड त्यांच्याभोवती मिटायचं. एक भिंत अर्धा मिलिमीटर कलली की धडाच्या कडा मिटत नाहीत, आणि जोर लावून मिटवल्या तर पंखाच्या मुळाशी पायरी येते. म्हणून क्रम असा ठेवा. भिंतींना सिमेंट लावल्यावर लगेच, ते ओलं असतानाच, त्या एका अर्धुकात बसवा. दुसरं अर्धुक कोरडंच वर ठेवून टेपने करकचून बांधा आणि रात्रभर सोडा. भिंती आपोआप आपल्या जागा घेतील. सकाळी उघडून मग रंगवा.

मिग म्हणजे मुळात एक नळी आहे, आणि नळीच्या तोंडाशी गोल कडं. त्यामुळे इथे सांधा घासताना जी चूक महागात पडते ती स्पिटफायरवर चालून जाते. बसत नाहीत म्हणून दोन्ही कडा चांगल्या घासल्या की धड अंडाकृती होतं आणि नाकाचं कडं डाव्या-उजव्या बाजूंना पायरी दाखवू लागतं. घासायचंच तर दर दोन फेऱ्यांनंतर कडं लावून बघा. कडं मोठं आणि धड लहान झालंच, तर कडं घासत बसू नका. सांध्यात वर आणि खाली पाव मिलिमीटरची प्लास्टिकची पट्टी घालून धड पुन्हा गोल करा.

मर्यादित संख्येने निघणारी छोट्या कंपन्यांची किट्स हा आणखी वेगळा संसार. दुर्मीळ विमान हवं असेल तर त्यांच्याशिवाय पर्याय नसतो. त्यांचे साचे साधे, दाब कमी, म्हणून भाग जाडजूड आणि जुळवायला पिनाच नाहीत. काचेच्या तुकड्यावर ४०० नंबरचा वॉटर पेपर चिकटवा, त्यावर पाण्याचे चार थेंब टाका आणि अर्धुक आठच्या आकड्यात फिरवून कड सपाट करा. मग आतल्या बाजूने, दर दोन सेंटिमीटरवर, आळीपाळीने डाव्या-उजव्या कडेला अर्ध्या मिलिमीटरच्या प्लास्टिक शीटच्या जिभा चिकटवा. पिनांचं काम त्या करतात. पंखाची मागची कड जाड असेल तर ती बाहेरून नाही, आतून घासायची. बाहेरून घासलीत तर रेषाही जातील.

एअरफिक्सची बरीच खोकी ‘मेड इन इंडिया’ छापून आली, हे अनेकांना ठाऊक नसतं. त्या प्लास्टिकचा पोत मऊ. चाकूने लोण्यासारखं कापतं, पण अँटेना, चाकाचे दांडे असले बारीक भाग कटरच्या दाबानेच वाकतात. असा भाग स्प्रूच्या दोन बाजू आधी लांबून कापून मोकळा करा आणि शेवटची कड नवी ब्लेड लावून, करवतीसारखी हलवत कापा. मऊ प्लास्टिकवर खरखरीत पेपर लावला तर लव उठते, म्हणून ६०० च्या खाली उतरू नका. त्यांचं १/७२ नॅट भारतीय ग्राहक हौसेने उचलतो, १९७१ च्या युद्धात श्रीनगरवर नॅट उडवणारे निर्मलजित सिंग सेखों मनात ठेवून. आत निघतं ब्रिटिश हवाई दलाचं दोन आसनी टी.१, ज्याचा पंखसुद्धा मोठा आहे. आपलं नॅट एक आसनी होतं. खोक्यावरचं चित्र नीट बघावं, एवढंच.

पंखाच्या मुळाशी फट राहिली तर पुट्टी हा शेवटचा उपाय समजा. आधी पंखांच्या दोन टोकांमध्ये धडाच्या वरून टेप ताणून बघा. टोकं वर आली की वरची फट बरेचदा मिटते. उलट पंखाचं टोक आधीच वर असेल, तर धडच रुंद करायचं. स्प्रूचा तुकडा मापात कापून आत आडवा दाटून बसवा, तो दोन्ही भिंती बाहेर ढकलतो. तरीही राहिली तर प्लास्टिकची पट्टी भरा. पट्टी त्याच जातीची असल्याने सिमेंटमध्ये विरघळून एकजीव होते आणि तिच्यावर नवी रेष स्वच्छ कोरता येते. पुट्टीवर कोरायला गेलात तर ती कपच्या सोडते. त्याऐवजी फेविक्विक भरलं तर रेष चांगली उमटते, फक्त तासाभरात घासून घ्या. दुसऱ्या दिवशी ते आजूबाजूच्या प्लास्टिकपेक्षा कडक झालेलं असतं आणि घासताना शेजारीच खड्डा पडतो. सिमेंटच्या सांध्याचं नेमकं उलट आहे. तो निदान चोवीस तास शिवायचा नाही. विरघळलेलं प्लास्टिक आतून वाळत असतानाच घासलंत तर आठवड्याने, रंग दिल्यावर, त्या जागी बारीक चर पडलेला दिसतो.

तामियासारख्या घट्ट किटचा त्रास वेगळा: ती माफ करत नाहीत. चिकटणाऱ्या कडेवर रंगाचा पातळ थर राहिला तरी पुढच्या तुकड्याला जागा कमी पडते, आणि सिमेंटही रंगावर धरत नाही. ढिलं किट चूक गिळतं, हे किट ती पुढे ढकलत नेतं. कॉकपिट रंगवण्याआधी सगळ्या सांध्यांवर मास्किंग टेप लावा. विसरलात तर ब्लेड उभी धरून रंग खरवडून काढा.

पुढे एक चाक असलेल्या विमानांचं नाक जड करावं लागतं, नाहीतर ते शेपटीवर बसतं. तामियाने आपल्या १/४८ पी-३८ च्या खोक्यात यासाठी लोखंडी गोळे दिले आहेत. इतरांसाठी सायकलच्या दुकानातले छर्रे उत्तम. विमान टेपने जोडा, मुख्य चाकं येतात तिथे खाली पेन्सिल आडवी ठेवा, नाक खाली झुकेपर्यंत छर्रे घाला आणि त्यावर आणखी दोन-तीन. बसवायला एम-सील वापरा. शिशाच्या गोळ्या वापरणार असाल तर त्या फेव्हिकॉलमध्ये कधीच बसवू नका. काही वर्षांत शिसं गंजून फुगतं आणि नाकाचा सांधा आतून उकलतो.

फेव्हिकॉल हवा तो कॅनपीला. फेविक्विकची वाफ काचेवर पांढरी धुकट उमटते आणि ती बंद कॅनपीच्या आत असते, म्हणजे पुसताही येत नाही. पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, लॅकर रंगही तसाच दगा देतो. हवेतला ओलावा वाळणाऱ्या रंगावर धरून चकचकीत थर पांढुरका पडतो. जुलैमध्ये रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव्य) घातलेला थिनर वापरा, किंवा तेवढे दिवस साफसफाई आणि ड्राय फिट, म्हणजे सिमेंट न लावता भाग जुळवून बघणं, करत बसा.

डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून लावायची छापील चिन्हं, त्यांच्याबद्दल थोडक्यात. मॅट रंगावर थेट लावलं तर खाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात, म्हणून आधी चकचकीत थर द्या. भारतीय चक्र तपासताना पांढऱ्या कड्याची रुंदी चारही बाजूंनी सारखी आहे का ते भिंगाखाली बघा. केशरी, पांढरा, हिरवा अशी एकात एक वर्तुळं असल्याने छपाई केसभर सरकली तरी नजरेत भरते. केशरी लालसर छापलेला असेल तर त्यावर इलाज नाही, दुसरा संच शोधा.

आणि मिगची ती पिटो नळी. किटमधली प्लास्टिकची नळी मॉडेल पुरं होईपर्यंत तुटतेच, अस्तनीत अडकून नाहीतर धूळ पुसताना. ती लावूच नका. १/७२ साठी २६ गेजची इंजेक्शनची सुई घ्या, बाहेरून ०.४६ मिलिमीटर, नाकात अर्ध्या मिलिमीटरचं भोक पाडून बसते. १/४८ साठी २३ गेजच्या सुईत इन्सुलिनची ३१ गेजची सरकवा, खऱ्या नळीसारखी पुढे निमुळती होत जाते. पक्कडीने कापाल तर नळीचं तोंड चेपून बंद होईल. लाकडी फळीवर ठेवून बारीक कानशीने भोवती चर पाडा आणि मग हलकेच वाकवून तोडा. चष्मा घालून.